शिंदी : ओढ्याकाठचे झाड, त्याचा आंबणारा रस आणि सोलापूर

शिंदी हे झाडाचे नाव आहे आणि त्या झाडाच्या रसापासून होणाऱ्या मादक पेयाचेही. सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेड या पट्ट्यात आणि लगतच्या कर्नाटक-तेलंगणात हे पेय फार जुने आहे. ते तयार करण्यासाठी भट्टी लागत नाही, गूळ-नवसागर लागत नाही, धान्य भिजत घालावे लागत नाही. झाडातून रस गळू लागला की तो आपोआप आंबू लागतो. माणसाचे काम फक्त रस काढण्याचे आणि तो वेळेत विकण्याचे.

या ‘वेळेत’मध्येच शिंदीचा बराचसा इतिहास आहे. पहाटे गोड असलेला हा रस दुपारी मादक होतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट. तो साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही. म्हणून त्यावर कर बसवायचा तर बाटलीवर बसवून भागत नाही, झाडावर बसवावा लागतो. बंदी घालायची तर पहारा झाडावर ठेवावा लागतो. आणि शहराची मागणी झाडांच्या आवाक्याबाहेर गेली की भांड्यात रसाऐवजी दुसरेच काहीतरी येते. या तिन्ही गोष्टी सोलापुरात घडल्या आहेत.

शिंदी, ताडी, माडी : फरक काय?

बोलण्यात ‘ताडी’ हा शब्द तिन्हींसाठी सरसकट वापरला जातो. सोलापूर शहरातल्या दुकानांनाही लोक ताडीचे दुकानच म्हणतात. पण झाडे वेगळी आहेत.

शिंदी म्हणजे रानखजूर. शास्त्रीय नाव फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. अरबस्तानातल्या खजुराचा हा जवळचा नातेवाईक, मात्र याच्या फळात गर कमी आणि बी मोठी. तेलुगूत याला ईत आणि कन्नडमध्ये ईचलु म्हणतात. ओढे, नाले, विहिरींचे काठ, जिथे जमिनीखाली थोडी ओल टिकते तिथे हे झाड येते, आणि म्हणूनच कमी पावसाच्या सोलापूर जिल्ह्यातही ते तग धरून आहे. सुगरण पक्ष्यांची लोंबती घरटी ज्या काटेरी झाडाला विहिरीवर दिसतात, ते पुष्कळदा शिंदीचे असते.

ताड म्हणजे बोरॅसस फ्लॅबेलिफर, पंख्यासारख्या पानांचे उंच झाड. त्याच्या रसाची ती खरी ताडी. उन्हाळ्यात मिळणारे ताडगोळे याच झाडाचे. माडी नारळाच्या झाडाची, म्हणजे माडाची, आणि ती कोकण-गोव्याची.

रस काढण्याची पद्धतही एक नाही. ताड आणि माड यांच्या फुलोऱ्याला छेद देतात. माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून तिचे टोक रोज थोडे थोडे कापतात. शिंदीच्या बाबतीत मात्र छेद थेट खोडाला दिला जातो.

खोडावरच्या खाचा

थंडी सुरू झाली की शिंदीचा हंगाम सुरू होतो. झाडाच्या शेंड्याखालची एका बाजूची पाने काढून टाकतात, पानांचे देठ तासून आतला कोवळा, पांढरट भाग उघडा करतात. काही दिवस तो तसाच वाळू देतात. मग त्यावर धारदार कोयत्याने पाचरीच्या आकाराची खाच पाडतात, खाचेच्या टोकाला बांबूची पन्हळ बसवतात आणि तिच्याखाली मडके टांगतात. काम संध्याकाळी होते. रस रात्रभर ठिबकतो आणि उजाडायच्या आत मडके उतरवले जाते. चांगल्या झाडाला थंडीच्या रात्री दोन-चार लिटर रस मिळतो, पण रोज नाही. काही दिवस रस घेतला की झाडाला काही दिवस विसावा द्यावा लागतो.

हे काम दिसते तितके सोपे नाही. शिंदीला शेंडा एकच असतो आणि फांद्या नसतात. आंबा किंवा लिंबाप्रमाणे एक फांदी गेली तर दुसरी फुटेल, असे इथे होत नाही. खाच जरा खोल गेली आणि आतल्या वाढीच्या कोंबाला इजा झाली, की ते झाड कायमचे गेले. खाच वरवरची राहिली तर रस येत नाही. किती खोल जायचे हे हातालाच कळावे लागते, आणि तेही दोरीच्या वेटोळ्याला पाठ टेकून काट्यांमध्ये उभे असताना. कोकणात भंडारी, तेलंगणात गौड, कर्नाटकात ईडिग, इतर ठिकाणी कलाल अशा समाजांकडे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या राहिला, याचे एक कारण हे शिक्षणही आहे.

आणखी एक गोष्ट झाडावर कायमची लिहिलेली राहते. ताड-खजुराच्या कुळातल्या झाडांचे खोड वयानुसार जाड होत नाही, त्यामुळे जखम भरून येत नाही. दर हंगामात खाच आलटून पालटून समोरच्या बाजूला आणि आधीच्या खाचेच्या वर घेतली जाते. जुन्या शिंदीचे खोड म्हणूनच नागमोडी, पायऱ्या कोरल्यासारखे दिसते. त्या खाचा मोजल्या की किती हंगाम रस काढला गेला, हे सांगता येते.

मडक्यात काय घडते?

झाडातून निघणारा रस जवळजवळ पारदर्शक आणि गोड असतो. त्यात साधारण १० ते १४ टक्के साखर असते, बहुतेक सगळी उसातल्या साखरेच्याच जातीची. आम्लता जवळपास नसते. थोडी प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वेही असतात. थोडक्यात, सूक्ष्मजीवांना याहून चांगले जेवण मिळणे कठीण.

सूक्ष्मजीव बाहेरून आणून घालावे लागत नाहीत. ते हवेत, कीटकांच्या पायांवर, खाचेच्या कडेला आणि मुख्य म्हणजे मडक्यात असतात. कालच्या रसाचा अंश मडक्याच्या सच्छिद्र मातीत मुरलेला असतो, तोच आजचे विरजण. सुरुवातीला दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. रस गढूळ, पांढरट आणि किंचित चिकट होतो. त्यांच्या मागोमाग सॅकरोमायसीज सेरेव्हिसी हे यीस्ट आणि झायमोमोनास मोबिलिस हा जिवाणू साखरेचे अल्कोहोल करू लागतात. पहिले यीस्ट पावासाठी वापरतात तेच. कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, फेस येतो आणि जिभेला चुरचुर जाणवते.

दुपारपर्यंत रसात तीन-चार टक्के अल्कोहोल झालेले असते. दिवसभरात ते चार ते सहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण बिअरच्या पातळीला पोहोचते. त्यानंतर तिसरी फळी येते, ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू. ते अल्कोहोलचेच खाद्य करतात आणि शिंदीचा सिरका होऊ लागतो. सोलापूरच्या उन्हात हे सगळे आणखी घाईने घडते. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची शिंदी ही चवीने आणि नशेने तीन वेगळी पेये आहेत.

नीरा म्हणजे याच रसाची न आंबलेली अवस्था. तीच झाडे, तोच रस. फरक मडक्याच्या आत फासलेल्या चुन्याचा आणि थंडाव्याचा. चुन्यामुळे रसाची आम्लता वाढत नाही आणि सूक्ष्मजीवांना जम बसवता येत नाही. पुढे रस गाळून बर्फात ठेवला की काही तास टिकतो. रस्त्याकडेच्या केंद्रांवर नीरा सकाळी थंडगार प्यायला सांगतात ते यासाठी. दुपारी ऊन लागलेल्या भांड्यातली ‘नीरा’ ही नावापुरतीच नीरा असते.

शिंदीने मुतखडा विरघळतो, पोट साफ होते, कावीळ उतरते, असे खूप ठिकाणी सांगितले जाते. याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. यीस्टमुळे या पेयात ब गटातली काही जीवनसत्त्वे असतात हे खरे, पण अल्कोहोल यकृताला आणि शरीरातल्या पाण्याच्या तोलाला जे करायचे ते करतेच. कावीळ झालेल्याने तर शिंदी अजिबात घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी नीरेतल्या साखरेचा आकडा वर पाहावा.

गुत्ता हा शब्द कुठून आला?

सोलापूर-मराठवाड्यात दारूच्या किंवा शिंदीच्या अड्ड्याला गुत्ता म्हणतात. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र कोरडा, कचेरीतला आहे. कन्नड ‘गुत्तिगे’ आणि तेलुगू ‘गुत्त’ म्हणजे मक्ता, ठेका. याच भागात रस्ते-बांधकामाचा ठेका घेणाऱ्याला अजूनही गुत्तेदार म्हणतात. विक्रीचा मक्ता सरकारकडून लिलावात घ्यायचा, ठरलेली रक्कम भरायची आणि मग विकायचे, या व्यवहारावरून पिण्याच्या जागेलाच गुत्ता हे नाव पडले. निजामाच्या राज्यात शिंदीला ‘सेंधी’ म्हणत आणि अशा जागेला शिंदीखाना.

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. रस काढायला परवाना लागू लागला आणि झाडामागे कर द्यावा लागू लागला. झाड स्वतःच्या शेताच्या बांधावर असले तरी त्याला परवान्याशिवाय कोयता लावणे गुन्हा. कोकणात भंडाऱ्यांनी या झाडकराविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या. ओढ्याकाठच्या सरकारी जमिनीवरची शिंदीची बने तर थेट उत्पन्नाची साधने झाली. अबकारी हा प्रांताच्या तिजोरीतला मोठा हिस्सा होता, त्यामुळे दारूचा विरोध हा आपोआपच सरकारचाही विरोध ठरत असे.

सोलापुरात या व्यवहाराला गिऱ्हाईक भरपूर होते. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी निघाली, पुढे ती ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. हातमागावर काम करणारी पद्मशाली कुटुंबे तेलंगणातून आली. आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून मजूर आले. दहा-बारा तास सूत आणि आवाज यांत घालवणाऱ्या माणसाला परवडणारी नशा म्हणजे शिंदी. तेलुगू घरांत तिला ‘कल्लु’ म्हणत आणि ती गावाकडून सोबत आलेली चव होती. तिच्यापायी पगाराचा किती भाग जातो, हा प्रश्न त्याच घरांतल्या बायकांचा होता.

मे १९३० : झाडे तोडायला गेलेली माणसे

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्र नसलेल्या जिल्ह्यांपुढे एक अडचण होती. मीठ उचलायला किनारा नाही, मग कायदा मोडायचा कुठे? दारूच्या दुकानांवर निरोधन, परदेशी कापडाची होळी, जंगल सत्याग्रह असे मार्ग पुढे आले. गांधीजींनी दांडीयात्रेनंतर सुरत जिल्ह्यात ताडी देणारी खजुरीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला होता. झाडच नसेल तर ताडी नाही, आणि सरकारचा करही नाही. सोलापूरला समुद्र नव्हता, शिंदी होती.

५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली. शहरात हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या. ८ मे रोजी काही लोक रूपाभवानी देवळाच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला गेले. पोलिसांनी तोडणाऱ्यांपैकी काहींना पकडले. ते कळताच मोठा जमाव जमला आणि पकडलेल्यांना सोडा, अशी मागणी करू लागला. जिल्हाधिकारी हेन्री नाईट तिथे पोहोचले. काँग्रेसचे कार्यकर्ते मल्लप्पा धनशेट्टी जमावाला शांत करण्याचा प्रयत्न करत होते. पण तेवढ्यात गोळी सुटली आणि झेंडा घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. या लढ्यातला सोलापूरचा पहिला हुतात्मा म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

त्यानंतर शहर हाताबाहेर गेले. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात आणखी लोक पडले. पुढचे दोन-तीन दिवस शहरात ब्रिटिश अंमल जवळजवळ उरला नाही. वाहतुकीपासून बंदोबस्तापर्यंतची कामे काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. या काळात तिरंगा लावणे, गांधी टोपी घालणे यांसाठीही शिक्षा झाल्या.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या हत्येशी यांचा संबंध नव्हता, ही सोलापूरची तेव्हापासूनची भावना आहे. शहरात चौघांचे पुतळे आहेत आणि १२ जानेवारीला तिथे लोक जमतात. भाषणांमध्ये मार्शल लॉ येतो, फाशी येते. शिंदीच्या झाडांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात होऊन जातो.

तोडा की वाचवा?

काही वर्षांतच याच चळवळीने झाडांबद्दल उलटी भूमिका घेतली. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ताड आणि शिंदी पडीक जमिनीवर, पाणी न घालता साखर देतात. ऊस मात्र चांगली जमीन आणि भरपूर पाणी मागतो. तेव्हा झाड तोडू नका, रस आंबण्याआधी उकळा आणि गूळ करा. ताडी काढणाऱ्याचा रोजगार राहील आणि दारूही होणार नाही. यातून ताडगूळ आणि नीरा हे ग्रामोद्योग उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कामात ते आले.

कल्पना चांगली होती. पण ती घड्याळाशी शर्यत होती. रस उतरवल्यापासून काही तासांत कढईत पडलाच पाहिजे, जळण पाहिजे, आणि एवढे करून हातात येणाऱ्या गुळाचा भाव उसाच्या गुळाशी टक्कर देणारा हवा. सोलापूर जिल्ह्यात तर पुढे कालवे आले, उजनी धरण आले, साखर कारखाने उभे राहिले. कुमारप्पांनी ज्या पिकाची धास्ती घेतली होती तेच इथे जिंकले.

दरम्यान १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ताडीची व्याख्या त्यात मुद्दाम रुंद केलेली आहे. नारळ, ताड, खजूर अशा कोणत्याही झाडाचा रस, आंबलेला असो वा न आंबलेला, ताडीच. पहाटेचा रस दुपारी काय होतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. नीरेला म्हणूनच वेगळा परवाना लागतो. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली आणि परवान्याची ताडी दुकाने पुन्हा दिसू लागली. कायदा आजही तोच आहे, फक्त नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे. परवाने, लिलाव आणि कारवाई राज्य उत्पादन शुल्क विभाग पाहतो.

झाडे कमी, ताडी भरपूर

आजचा खरा धोका इथून सुरू होतो. ओढे बुजले, बांध सपाट झाले, रस्ते रुंद झाले, आणि काट्याचे, फारसा पैसा न देणारे झाड वाचवायला कोणी बसले नाही. झाडावर चढणाऱ्यांची पुढची पिढी दुसऱ्या कामांकडे गेली. शिंदी मुख्यतः थंडीत मिळते आणि तीही झाडामागे काही लिटर. तरीही शहरात ताडी बारा महिने, पाहिजे तेवढी आणि स्वस्त मिळत असेल, तर ती सगळी झाडातून आलेली नसणार, हे हिशेबावरूनच दिसते.

कमतरता भरून काढण्याची रीत ठरलेली आहे. पाणी, गोडीसाठी सॅकरिन, रंग आणि फेसासाठी काही पावडरी, आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट. धंद्यात याला ‘सीएच पावडर’ किंवा नुसते ‘केमिकल’ म्हणतात. हे रसायन जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी १८३२ मध्ये पहिल्यांदा तयार केले आणि १८६९ पासून ते झोपेचे औषध म्हणून वापरात आले. प्रयोगशाळेत तयार झालेले ते जगातले पहिले झोपेचे औषध. आधुनिक वैद्यकाने ते जवळजवळ टाकून दिले, कारण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातले अंतर कमी आहे. अल्कोहोलबरोबर घेतले तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना वाढवतो. श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके बिघडतात. काही ठिकाणी याच कामासाठी डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम या गोळ्यांची भुकटी वापरली जाते.

सोलापुरात केमिकलमिश्रित ताडीवर उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस यांचे छापे नवे नाहीत. शेजारच्या तेलंगणाचा अनुभव तर जास्त बोलका आहे. तिथे २०१५ मध्ये सरकारने भेसळीच्या ताडीविरुद्ध जोरदार मोहीम काढली. पुरवठा अचानक थांबला आणि निजामाबाद, महबूबनगर या भागांतल्या रुग्णालयांत माणसांची रांग लागली. कोणाला झटके येत होते, कोणी भ्रमात बडबडत होते, कोणी दोर तोडून पळू पाहत होते. ते पीत होते ती ताडी नव्हती, झोपेचे औषध होते, आणि शरीराला त्याची सवय लागलेली होती. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन काही जणांचा मृत्यू झाला.

या अनुभवातून घरच्यांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट कळते. रोज दुकानातली ताडी पिणारा माणूस एकदम बंद झाला आणि एक-दोन दिवसांत त्याला थरथर, घाम, झोप न लागणे, नसलेले दिसणे-ऐकू येणे किंवा फिट येणे असे काही झाले, तर ते ‘नाटक’ नाही आणि बाहेरची बाधाही नाही. त्याला लगेच रुग्णालयात न्यावे आणि तो काय पीत होता हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. तसेच ताडी पिऊन माणूस गाढ झोपला आहे, हाका मारून उठत नाही, श्वास संथ किंवा घरघर आहे, तर ‘उतरेल आपोआप’ म्हणून वाट पाहू नये. त्याला कुशीवर झोपवावे, उलटी करायला लावू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भेसळ चवीवरून किंवा वासावरून ओळखता येते असे जाणकार पिणारे सांगतात. त्यावर विसंबू नये. सॅकरिनने कडवटपणा झाकला जातो आणि फेस पावडरीनेही येतो. खात्री प्रयोगशाळेतच होते. बाहेरून कळण्यासारखी खूण एकच, आणि ती हिशेबाची : संध्याकाळपर्यंत गोडच राहणारी ताडी झाडाची नसते.

वटवाघळांचा प्रश्न

भेसळ नसलेल्या, थेट झाडाखाली प्यायल्या जाणाऱ्या रसाचाही एक धोका गेल्या काही दशकांत लक्षात आला आहे. मडक्यावर रात्री फळे खाणारी वटवाघळे येतात, पन्हळीला लागलेला रस चाटतात आणि त्यांची लाळ, विष्ठा, मूत्र मडक्यात पडते. बांगलादेशात निपाह विषाणूची माणसाला होणारी लागण प्रामुख्याने याच मार्गाने, खजुरीच्या कच्च्या रसातून झालेली आहे. आंबलेला रस सुरक्षित म्हणावा तर तेही नाही. तिथे २०११ ते २०१४ या काळात आंबलेल्या रसातूनही लागण झाल्याचे आढळले आहे.

महाराष्ट्रात अशी लागण आढळलेली नाही. मात्र महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये या विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला २०२० मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत मिळाल्या होत्या. खाच आणि मडके यांच्याभोवती बांबूच्या कामट्यांची चटई गुंडाळली तर वटवाघळे रसापर्यंत पोहोचत नाहीत. हा उपाय स्वस्त आहे आणि बांगलादेशातल्या अभ्यासांत त्याचा उपयोग दिसला आहे. रस उकळल्यास विषाणू मरतो, गुळात हा धोका नाही.

रसाशिवायची शिंदी

झाड रसापुरतेच नाही. त्याच्या पानांच्या चटया आणि टोपल्या होतात, आणि केरसुण्या होतात. मातीच्या अंगणाला फरशी आली, प्लास्टिकचे झाडू आले, तरी दिवाळीच्या आधी सोलापूरच्या बाजारात शिंदीच्या पानांच्या केरसुण्यांचे ढीग लागतात. लक्ष्मीपूजनाला तीच लागते, तिला हळद-कुंकू लावून पाटाजवळ ठेवतात. त्या बांधणारी मातंग समाजातली कुटुंबे पानांसाठी आता लांबवरच्या ओढ्यांपर्यंत जातात, कारण जवळची झाडे उरलेली नाहीत.